पुढारी आणि माया
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत झालेले भाषण)



वर्धापनदिनाच्या निमित्ताने मी चार शब्द बोलावेत अशी आपल्या कार्यकारिणीची इच्छा झाली, आणि विषयही त्यांनीच दिला: चांगल्या पुढाऱ्याचे गुण. विषय मोठा आहे. हुशारी, धीटपणा, बोलण्याची हातोटी, हिशेबाचा चोखपणा, अशी यादी केली तर चहा थंड होईल आणि यादी संपणार नाही. म्हणून त्यांपैकी एकाच गुणाविषयी बोलायचे मी ठरविले आहे. पुस्तकात त्याला प्रेम आणि करुणा अशी दोन नावे आहेत. आपल्या वऱ्हाडात आपण त्याला एकच शब्द वापरतो, माया. आईची माया म्हणतो, गावाची माया म्हणतो, आणि ढोरावासरांनासुद्धा माया लावली पाहिजे असे म्हणतो.

कोणी म्हणेल, माया ही घरातली गोष्ट. पुढारीपणाशी तिचा काय संबंध? पुढारी कडक हवा, चारचौघांना दरडावून काम करून घेणारा हवा. ही समजूत फार पसरलेली आहे, आणि आपणां बायकांना तर ती वारंवार ऐकविली जाते. पंचायतीच्या जागांपैकी एकतृतीयांश जागा स्त्रियांना देणारी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तेव्हापासून आपल्या तालुक्यातही कित्येक भगिनी सरपंच झाल्या, सदस्य झाल्या. त्यांतल्या पुष्कळींनी पहिल्याच महिन्यात हे वाक्य ऐकले असेल: “बाई मायाळू आहे, तिला गाव आवरायचे नाही.” मग काहींना वाटू लागते की आपणही आवाज चढविला पाहिजे, समोरच्याला दोन तास ताटकळत ठेवले पाहिजे, तरच आपल्याला लोक पुढारी समजतील. हे वाटणे खरे आहे का, हे आज तपासून पाहू. त्यासाठी फार दूर जायला नको. आपला जिल्हाच पुरेसा आहे.

प्रथम आपल्याच तालुक्यातले रिद्धपूर घ्या. आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठ आले म्हणून त्याचे नाव सर्वतोमुखी झाले. पण तेराव्या शतकात तेथे श्रीगोविंदप्रभू राहत होते, म्हणून ते महानुभावांचे मोठे तीर्थ आहे. चक्रधरस्वामींनी ज्यांना गुरू मानले ते हे गोविंदप्रभू. म्हाइंभटांनी रिद्धपुरातच त्यांच्या आठवणी गोळा करून लिहून ठेवल्या, आणि मराठीतल्या अगदी आरंभीच्या गद्यात त्यांची गणना होते. त्या आठवणी वाचताना मला नवल वाटते ते एवढ्याचे की एवढा मोठा पुरुष, पण त्याचा वावर सगळा घराघरांतून आहे. ते कोणाच्याही घरी जातात, चुलीपाशी बसतात, जातीपातीचा विचार न करता दिलेले खातात. मातंगांना पाणी नाही म्हणून त्यांच्यासाठी पाण्याची सोय होते तीही त्यांच्यामुळे. लोक त्यांना राऊळ म्हणत, आणि तेवढ्याने भागेना म्हणून माय आणि बाप दोन्ही म्हणत. सातशे वर्षांपूर्वी आपल्या मुलखातल्या माणसांनी पुढे चालणाऱ्याला आधी माय म्हटले आणि मग बाप म्हटले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. पहिली ज्ञात मराठी कवयित्री महदाइसा हिने आपले धवळे रचले तेही याच गोविंदप्रभूंच्या सहवासात, याच रिद्धपुरात. जेथे माया असते तेथे बाईला तोंड फुटते, असे मी यावरून समजते.

आता अलीकडचे उदाहरण. संत गाडगेबाबांचे नाव घेतल्यावाचून अमरावती जिल्ह्यात सेवेची गोष्ट पुरी होत नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगावला परिटाच्या घरी त्यांचा जन्म झाला, नाव डेबूजी. वडील झिंगराजी दारूपायी लवकर गेले, आणि आई सखूबाईने पोराला घेऊन माहेर गाठले. तेथे दापुऱ्याला डेबूजीने ढोरे राखली, वावरात राबला, आणि सावकाराच्या कर्जात मामाची जमीन जाताना डोळ्यांनी पाहिली. लग्न झाले, लेकरे झाली. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू-मटणाचे जेवण घालण्याची रीत होती. त्याने ती मोडली आणि गोडाचे जेवण घातले. पुढे १९०५ मध्ये घर सोडले. हातात खराटा, डोक्यावर किंवा हातात मातीचे गाडगे, अंगावर चिंध्यांचा अंगरखा. त्या गाडग्यावरूनच लोकांनी त्यांना नाव दिले.

बाबांचा क्रम आपणांस ठाऊक आहे. गावात आले की आधी झाडायला लागत. गटार काढायचे, रस्ता झाडायचा, केरकचरा गोळा करायचा. दिवसभर हे झाले की रात्री कीर्तन. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी उपदेश आणि मग झाडू, असे त्यांनी केले नाही. गावाने दिवसभर हा माणूस आपल्या दारापुढची घाण काढताना पाहिलेला असे. मग रात्री तो दारू सोडा म्हणाला, कर्ज काढून लग्ने करू नका म्हणाला, पोराला शाळेत घाला म्हणाला, तर त्याच्या बोलण्याचा राग कोणाला यावा? शब्द कडक असत, अगदी झोंबणारे असत. प्रश्न विचारून ते माणसाला कोंडीत पकडत आणि त्याच्याच तोंडून उत्तर काढून घेत. पण ज्याने सकाळी आपले आंगण झाडले त्याचे रात्रीचे बोलणे लोक ऐकून घेत. माया म्हणजे गोड बोलणे नव्हे, हे बाबांकडून शिकावे.

पूर्णेच्या काठी ऋणमोचनला पौष महिन्यात यात्रा भरते. तेथे चिखलातून, उतारावरून नदीत उतरताना म्हाताऱ्याकोताऱ्यांचे हाल होत. डेबूजीने ते पाहिले आणि स्वतः माती टाकून वाट नीट करायला सुरुवात केली. पुढे लोकांच्या मदतीने तेथे घाट झाला. त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे बीज मला येथे दिसते. म्हातारी घसरते हे शेकडो यात्रेकरूंना दिसत होते. कोणी हळहळले असेल, कोणी हात दिला असेल. बाबांनी वाटच नीट केली, म्हणजे पुढच्या वर्षी येणारी, त्यांनी कधी न पाहिलेली म्हातारीही घसरू नये.

हाच विचार त्यांच्या धर्मशाळांत आहे. पंढरपूरला अस्पृश्य वारकऱ्यांना कोणी ओसरीवर उभे राहू देत नसे, म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली, आणि १९४९ मध्ये ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. मुंबईला मोठ्या दवाखान्यात दूरगावचे रोगी येतात. त्यांच्यासोबत आलेल्या माणसांनी राहावे कोठे, स्वयंपाक कोठे करावा? त्यांच्यासाठी दादरला धर्मशाळा झाली. कर्करोगाच्या उपचारासाठी टाटा रुग्णालयात जाणाऱ्या गरिबांना आजही तिचा आधार आहे. रोग्याची काळजी वाहणारे पुष्कळ असतात. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या बाईने आज काय खाल्ले, हे ज्याला सुचले त्याचे मन कसे असेल, याचा आपण विचार करावा.

आणखी एक गोष्ट. बाबा कोणाला पाया पडू देत नसत. आपण कोणाचे गुरू नाही आणि आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. लाखो रुपयांच्या इमारती त्यांच्या शब्दाखातर उभ्या राहिल्या, पण स्वतः ते गाडग्यात भाकर घेऊन झाडाखाली खात राहिले. स्वतः शाळेत गेलेले नसताना शाळा-वसतिगृहांसाठी त्यांनी लोकांकडून पैसा आणला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कऱ्हाडला महाविद्यालय काढले ते गाडगे महाराजांच्या नावाने. संस्था आपल्या माघारी चालाव्यात म्हणून विश्वस्त नेमून दिले. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला, त्या वेळी त्यांच्याजवळ स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते. आज अमरावतीचे विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

आता अमरावतीच्याच तपोवनाविषयी. डॉ. शिवाजीराव पटवर्धन, ज्यांना लोक दाजीसाहेब म्हणत, हे अमरावतीतले होमिओपॅथीचे नावाजलेले डॉक्टर. स्वातंत्र्याच्या चळवळीत त्यांनी तुरुंगवास भोगलेला. असा माणूस स्वातंत्र्य तोंडावर आलेले असताना काय करील? मान मागेल, खुर्ची मागेल. दाजीसाहेबांनी १९४६ मध्ये गावाबाहेरच्या माळावर कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे करायला घेतले. त्या काळी त्या रोगाला महारोग म्हणत, आणि रोगी जिवंतपणीच घरादाराला मेलेला असे. दाजीसाहेबांनी औषध तर दिलेच. पण झडलेल्या बोटांनाही जमेल असे काम दिले. शेती, सुतारकाम, विणकाम. रोग्याने भीक मागायची नाही, कमवायचे. येथे मला दया आणि कीव यांतला फरक दिसतो. कीव करणारा पैसा टाकतो आणि पुढे जातो. त्याला त्या माणसाचे नावही ठाऊक नसते. दाजीसाहेब त्यांच्यात जाऊन राहिले आणि त्यांच्या हाताला काय जमेल हे शोधत बसले. आता कुष्ठरोगावर सहा महिने ते वर्षभराचे औषध आहे, सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, आणि रोगी पूर्ण बरा होतो. तरीसुद्धा अंगावरचा बधिर चट्टा लपविणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांना दवाखान्यात नेणारी शेजारीण पाहिजे. हे कामही पुढारीपणाचेच आहे.

चौथे उदाहरण आपल्या स्त्रियांचे, म्हणून ते शेवटी घेते. सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा चालविली हे शाळेतले पोरही सांगते. पण १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, ही गोष्ट आपण बायकांनी अधिक आठवावी. फसविल्या गेलेल्या विधवांना बाळंतपणासाठी जागा नव्हती. विहीर तरी जवळ करायची, नाहीतर मुलाच्या गळ्याला नख तरी लावायचे. त्यांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी आपल्या घरात केली. त्यांतल्याच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा या दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला तेव्हा याच यशवंताने पुण्याबाहेर दवाखाना उघडला, आणि सावित्रीबाई रोग्यांना तेथे आणू लागल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तर त्यांनी पाठीवर घेऊन आणले. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या. त्या वयाची बाई घरी बसून चार माणसांना हुकूम सोडू शकली असती, आणि कोणी नावे ठेवली नसती.

या सर्वांकडे पाहिले म्हणजे एक गोष्ट कळते. यांतले कोणीही मऊ नव्हते. गाडगेबाबांनी भाऊबंदांचा रोष पत्करला, सावित्रीबाईंनी शेणाचे गोळे झेलले, दाजीसाहेबांनी तुरुंग पाहिला. माया असली म्हणून कणखरपणा कमी होत नाही. आपण कोणासाठी कणखर व्हायचे, हे माया ठरवते. आपल्या मानासाठी कडक होणारा पुढारी आणि दुसऱ्याच्या दुःखासाठी कडक होणारा पुढारी, यांतला फरक गावाला बरोबर कळतो.

आता आपल्या मंडळाकडे वळते. वार्षिक सभेपुढे दोन गोष्टी येणार आहेत, त्यांविषयी स्पष्ट बोलण्याची परवानगी अध्यक्षाबाईंनी द्यावी.

पहिली गोष्ट वर्गणीची. सहा महिने वर्गणी थकली तर नाव कमी करावे, असा ठराव येणार आहे. नियम असावा, हिशेब चोख नसेल तर मंडळ चार दिवस चालणार नाही, हे मला मान्य आहे. पण वर्गणी कोणाची थकते ते पाहा. ज्यांच्या संत्र्याच्या बागा पाणी खोल गेल्यामुळे वाळल्या, ज्यांचा आंबिया बहार गळाला, आणि ज्यांच्या घरचा कर्ता माणूस कर्जापायी जीव देऊन गेला, त्यांची. आपल्याकडच्या एका जुन्या अध्यक्षाबाई स्वतः दारोदार जाऊन वर्गणी गोळा करीत. ज्या घरी अडचण दिसे तेथे त्या ओसरीवर बसत, समोरच्या सुपातल्या तुरीच्या शेंगा सोलू लागत, इकडच्या तिकडच्या गोष्टी करीत, आणि वर्गणीचे नाव न काढता उठून येत. वहीत मात्र थकबाकी नीट मांडून ठेवीत. बहुतेक वेळा ती बाई पैसे हाती आले की आपण होऊन आणून देई. माझी सूचना एवढीच आहे की ठरावात एक ओळ घालावी: नाव कमी करण्यापूर्वी मंडळाच्या दोन भगिनी त्या घरी जाऊन येतील. आणि जेथे नवरा गेलेला आहे तेथे वर्गणीचे विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: सातबारावर वारस म्हणून तुझे नाव चढले का? संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसिलात दिला का? आत्महत्येच्या मदतीचे प्रकरण पात्र ठरले की अपात्र, ते कोणी तुला समजावून सांगितले का? तलाठ्याकडे एकटी बाई तीन खेपा घालते आणि थकून घरी बसते; दोघी सोबत गेल्या तर काम लवकर होते. याला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट संक्रांतीच्या हळदीकुंकवाची. ही बोलायला थोडी जड जाते, कारण मी स्वतः विधवा आहे. मला कोणी कधी वाईट बोलले नाही, हे सांगितले पाहिजे. पण दरवर्षी निरोप देणारी बाई आमच्या आळीत येते, डावीकडच्या घरी थांबते, उजवीकडच्या घरी थांबते, आणि आमच्या दारावरून जाताना तिची चाल थोडी वाढते. तिचाही त्यात दोष नाही. रीतच तशी आहे. त्या दिवशी मी संध्याकाळचा दिवा लवकर लावते आणि पुस्तक घेऊन बसते. माझे वय झाले, मला त्याचे फारसे काही वाटत नाही. पण आपल्या गावात पंचविशीतल्या, तिशीतल्या पोरी आहेत, ज्यांचे नवरे गेले आहेत, आणि ज्यांची लहान लेकरे त्या दिवशी शेजारच्या घरची बायकांची गर्दी दारातून बघत असतात.

२०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवांचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या रीती बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसे करण्यास सांगितले. ठराव कागदावर होतो. तो आंगणात उतरायचा तर कोणीतरी पहिले कुंकू लावावे लागते. ते सरकारला लावता येत नाही, ते आपल्यालाच लावावे लागेल. यंदाच्या संक्रांतीला मंडळाचे हळदीकुंकू आळीतल्या प्रत्येक घरच्या प्रत्येक बाईला बोलावून व्हावे, आणि पहिले वाण एखाद्या तरुण विधवा भगिनीच्या ओटीत पडावे, अशी माझी सभेला विनंती आहे. कुणाची इच्छा नसेल तिच्यावर जबरदस्ती नको. कुंकू नको असेल तर तिळगूळ द्यावा, फूल द्यावे. पण निरोप मात्र सर्वांना जावा.

यामुळे कुजबूज होईल. घरच्या सासवा काही बोलतील, चार जणी त्या दिवशी येणार नाहीत. त्या वेळी अध्यक्षाबाईंच्या पुढारीपणाची परीक्षा होईल, आणि त्यांच्याबरोबर आपल्या सर्वांचीही. न आलेल्या चार जणींच्या घरीही दुसऱ्या दिवशी तिळगूळ घेऊन जावे. त्यांना टाकून आपल्याला पुढे जायचे नाही. बाबांनी गावाला शिव्या देऊन गाव सोडले नाही. रात्री कीर्तन केले आणि सकाळी पुन्हा झाडू हातात घेतला.

पुढारी म्हणजे खुर्चीवर बसलेली एकच बाई, असे मानू नका. निरोप देणारी, सतरंजी घालणारी, हिशेब लिहिणारी, तलाठ्याकडे सोबत जाणारी, या सगळ्या आपापल्या जागी पुढारीच आहेत. आपल्या मंडळाची आणखी पुष्कळ वर्षे याच मायेने जावोत, एवढी इच्छा व्यक्त करते, आणि दोन्ही सूचना सभेच्या हाती सोपवून आपली रजा घेते.